मधातच झिजलेला

दारव्ह्याला, पंचायत समितीच्या मागच्या गल्लीत
नेवारे मिस्त्रीनं चाक सोडवलं
आणि टायरवरून तळहात फिरवला,
बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.
"मधात पाट झाला पाय याचा. अन् कडा कोऱ्या."

खरंच होतं. मध्ये नक्षी उरलीच नव्हती,
पण दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं रबर
अजून दुकानातल्यासारखं,
त्यावर साच्यातली बारीक केसंसुद्धा शाबूत,
नववीतल्या पोराच्या मिशीसारखी.

गाडी तशी वळणांसाठीच बनलेली.
नागपुरातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून घेतली,
लाल, पुढे झुकलेली.
बाबा पहिल्या दिवशी म्हणाले,
"हे बसनं हाय का पालथं पडनं?"

मी तिच्यावरून रक्त नेतो.
लाडखेड, बोरी, मधली चार खेडी.
थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात शिश्या,
शिशीवर नाव, वय, उपाशीपोटी की जेवून.
अकराच्या आत लॅब.
रस्ता सरळ. तूर, सोयाबीन, पुन्हा तूर.
वळण म्हणाल तर एक, जिनिंगपाशी,
तेही मी हळू घेतो.
शिश्या वाजतात.

मिस्त्रीला आता बारीक दिसत नाही.
त्याची प्राची, पॉलिटेक्निकची,
टायरच्या कुशीवरचे आकडे वाचते:
"एकशे चाळीस, सत्तर, सतरा.
एकोणीस सालचा, एकतिसावा हप्ता."
मग माझ्याकडे न बघता,
"तुमी गाडी कधी वाकवलीच नाई वाटते."

हे ती टायरबद्दल बोलत होती.

एक होता मऊ. रस्ता सोडत नाही,
पण सहा हजारात संपतो,
आणि मे महिन्यात डांबरच अंगाला लावून घेतो.
"हा चिखलदऱ्याच्या घाटात पायजे. तू जाते का चिखलदऱ्याले?"
एक टणक. पंधरा हजार कुठे नाही गेले,
पण ट्रॅक्टरनं शेतातली काळी माती रस्त्यावर सांडली
आणि वरून दोन थेंब पडले, की देवाचं नाव घ्यायचं.
एक रुंद. "पोट्टे लावतेत. दिसाले भारी, वळाले म्हैस."
एक इतका स्वस्त
की कंपनीचं नाव प्राचीलाही उच्चारता येईना.

मिस्त्रीनं बिस्किटाचा डबा उघडला, खिळ्यांचा.
हा नेर रोडचा. हा बैलाच्या नालेचा.
ही बाभूळ, सुकली पण टोक पाय.
"खिळा कंपनी पाहून नाई घुसत, बापू."

मी घेतला तो मधात टणक, कडांना मऊ.
साडेसहा हजार. पगार तेरा.
"कडा तर तुमी वापरत नाई," प्राची म्हणाली,
"मंग त्याचे पैसे काहून देता?"
टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.
मी हवा किती भरायची ते विचारलं.

तिसऱ्या दिवशी अमरावतीहून ट्रॅव्हल्सच्या टपावर आला.
"शंभर किलोमीटर वाकू नोको," मिस्त्री म्हणाला,
"नव्याले तेलकटपना रायते."
शंभर तर दीड दिवसात झाले, रक्ताखाली.

रविवारी डबा घरी ठेवून जिनिंगपाशी गेलो.
दोनदा नुसताच गेलो.
तिसऱ्यांदा खांदा आत सोडला,
आणि तूर कलली, सरकीचा ढीग कलला,
गेटवर विडी ओढणारा चौकीदार
स्टुलासकट कलला, आणि पडला नाही.

पुढे थांबून, गुडघे टेकून पाहिलं.
डावीकडची केसं बोटभर गेली होती.
उजवीकडची होती तशीच:
परतताना समोरून एसटी आली.

जुना टायर बाबांनी गोठ्याच्या टिनावर टाकलाय,
वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून.
एक कोरी कड आभाळाकडे करून
तो आडवा पडलाय,
पहिल्यांदाच.